ताशी ८० ला मुंग्या : जुन्या पिकअपच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

गाडी ताब्यात आल्यापासून तीन तक्रारी आहेत. दुखणी तीन आहेत की एकाच दुखण्याची ही तीन तोंडं, ते आधी ठरवायचं आहे.

पहिली तक्रार: ताशी ७५ ते ९० च्या पट्ट्यात सीट आणि फरशीतून थरथर येते. स्टिअरिंग मात्र शांत. दुसरी: ५० च्या पुढे मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. तिसरी: क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीच्या पोटाखाली एक ‘ठक्’.

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना जोर, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला धरणारं सेंटर बेअरिंग. मीटरवर २,१४,००० किमी. आधीच्या मालकाने थरथरीसाठी इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्स माउंटिंग आणि क्लच प्लेट बदलून पाहिली होती. सगळ्याच्या पावत्या डॅशबोर्डच्या खणात सापडल्या. फरक शून्य. अंदाजाने भाग बदलत जाण्याचा प्रयोग माझ्या वतीने आधीच कुणीतरी करून ठेवलाय म्हणायचा. तेव्हा आकडे हातात येईपर्यंत पाना उचलायचा नाही, असं ठरवलं.

आज फक्त मोजणी केली. टायर २३५/७५ आर १५. कागदावर व्यास काढता येतो, पण वजनाखाली टायर दबतो, म्हणून टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी ढकलली आणि दहा फेरे मोजले. अंतर २२.५ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.२५ मीटर.

मग डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर. पाटी वाचता येण्याच्या पलीकडे गंजलेली आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, पुढच्या चाकांना उटी लावली, हँडब्रेक सोडला, मागचं एकच चाक उचललं आणि ते हाताने फिरवत शाफ्टवरची खडूची खूण मोजली. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की उचललेलं चाक क्राऊनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दुप्पट फिरतं, हे इथे लक्षात ठेवावं लागतं. चाकाचे २० फेरे झाले तेव्हा शाफ्टचे बरोबर ४१ झाले. क्राऊनचे १० फेरे, शाफ्टचे ४१, म्हणून गुणोत्तर ४.१.

ताशी ८० ला गाडी मिनिटाला १३३३ मीटर जाते. त्यावरून चाकाचे फेरे मिनिटाला ५९३, सेकंदाला ९.९. शाफ्टचे मिनिटाला २४३०, सेकंदाला ४०.५. चौथा गिअर सरळ असल्यामुळे चौथ्यात इंजिनही २४३० वर. पाचव्यात ०.८५ पट, म्हणजे साधारण २०७०. हे आकडे पुठ्ठ्यावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले. यापुढे कुठलीही थरथर सापडली तर तिचा हिशेब यांच्यापैकी कुणाशी तरी लागायलाच हवा.

५ जानेवारी, रविवार

सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर चाचणी. मी चालवायला, धाकटा भाऊ शेजारी वही घेऊन, मागच्या सीटवर मामा. मामांनी आयुष्यभर ट्रकांचे गिअरबॉक्स उघडले. आता गुडघ्यांमुळे गाडीखाली जात नाहीत, पण कान शाबूत आहेत.

आधी उभ्या गाडीत इंजिन २०७० वर धरलं, मग २४३० वर. काहीच नाही. इंजिन आणि क्लच निर्दोष.

मग ८० ला पाचवा गिअर: थरथर. त्याच ८० ला चौथा: तीच थरथर, तेवढीच. इंजिनचा वेग मिनिटाला साडेतीनशे फेऱ्यांनी बदलला आणि थरथरीला त्याचा पत्ताही नाही. ८५ वरून न्यूट्रल करून गाडी वाहू दिली तरी थरथर जागेवर, उलट किंचित जास्त. (इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा आधार जातो.) दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे, एवढं नक्की झालं.

या न्यूट्रलच्या चाचणीला काही सामान लागत नाही, दोन मिनिटं लागतात. ती कुणी केली असती तर क्लच प्लेट वाचली असती.

‘घूंऽऽ’साठी गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवली. उजवीकडे वळताना आवाज भरतो, डावीकडे वळताना विरतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. भाऊ मात्र ठामपणे म्हणतो की आवाज उजवीकडून येतोय. दोघांचं म्हणणं लिहून ठेवलं.

परतताना मामा म्हणाले, “टायर असला तर गाडी नाचते रे. ही नाचत नाही, मुंग्या आणतेय.” मी वहीत लिहिलं ‘मामा: मुंग्या’ आणि विसरलो. पुढचे दहा दिवस त्या विसरण्याचे आहेत.

६ जानेवारी

संध्याकाळी जुना फोन सीटच्या पायाशी फरशीला चिकटपट्टीने घट्ट बांधला. त्यात कंप मोजणारं ॲप आहे. ते आलेखात दाखवतं की कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे. बरोबर ८० ला एक मिनिट धरून चालवलं.

आलेखात एकच ठसठशीत सुळका, १९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १९ कंप.

चाकाची गती सेकंदाला ९.९ फेरे, तिची दुप्पट १९.८. टायर अंडाकृती झाला की एका फेऱ्यात दोनदा हादरा देतो. १९ आणि १९.८ मधला फरक वेग नीट धरला गेला नसेल म्हणून सोडून दिला. टायर. प्रकरण संपलं, असं वाटून झोपलो.

११ जानेवारी, शनिवार

चारही चाकं काढून बॅलन्स करून आणली. मागच्या उजव्या चाकाला ४५ ग्रॅम शिसं लागलं, म्हणजे तसंही ते काम करायलाच हवं होतं. टायर फिरवत कडेला खिळा धरून गोलाई पाहिली. सगळ्यात वाईट टायर दीड मिलिमीटर बाहेर, आणि तो पुढे होता. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावली.

थरथर जिथे होती तिथेच. फोनवर १९ हर्ट्झ, तेवढाच उंच.

दोष टायरचा असता तर पुढे गेल्यावर तो स्टिअरिंगमध्ये दिसायला हवा होता. काहीच हललं नाही. अर्धा दिवस गेला आणि मनगट भरून आलं.

१४ जानेवारी

आज मूर्खपणा सापडला, माझाच.

पहिल्या मोजणीत मी फक्त ८० ला मोजलं होतं, कारण थरथर तिथे सर्वांत जास्त आहे. आज सहज ७० ला आणि ९० ला मोजलं. वेग वाढला की सुळका उजवीकडे सरकायला हवा, फिरणारी कुठलीही वस्तू वेगाबरोबर जास्तच वेळा फिरणार. पण फोनने दाखवलं असं: ७० ला २९ हर्ट्झ, ८० ला १९, ९० ला ९.

गाडी वेगाने जाते तसा सुळका मागे येतो. पिकअपमध्ये असा एकही भाग नाही जो गाडी जोरात पळवली की हळू फिरतो.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये शिरलो. हा जुना फोन सेकंदाला १०० वेळाच नोंद घेतो. १०० नोंदींत ५० हर्ट्झपर्यंतचाच कंप खरा दिसतो. त्याच्या वरचा कंप नाहीसा होत नाही, तो दुमडून खाली येतो आणि खोट्या आकड्याने दिसतो. चित्रपटात धावत्या रथाचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. चाक उलटं फिरत नसतं, कॅमेरा त्याला पुरेशा वेळा पाहत नसतो.

१०० मधून वजा करून पाहिलं. १९ चे ८१. २९ चे ७१. ९ चे ९१. सरळ चढता क्रम. आणि ८१ म्हणजे ४०.५ ची दुप्पट, शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा. ७० आणि ९० चाही हिशेब करून पाहिला: ७०.९ आणि ९१.१. चपखल.

भावाचा नवा फोन सेकंदाला ४०० नोंदी घेतो. रात्री पुन्हा एक फेरी मारली. ८१ ला सुळका, ४०.५ ला एक बुटका सुळका, आणि १९ ला काहीही नाही.

१९ आणि १९.८ मधला तो पाऊण हर्ट्झचा फरक मी सोडून दिला होता. तो नुसता ताणून पाहिला असता तरी कळलं असतं. आणि मामांच्या मुंग्या! सेकंदाला वीस वेळा हलणारी गाडी अंग हलवते. ऐंशी वेळा हलणारी फक्त तळपायांना कळते, झिणझिण्यांसारखी. माझे तळपाय पहिल्या दिवसापासून ८१ सांगत होते आणि मी पडद्याकडे पाहत होतो.

शाफ्टच्या फेऱ्याला एकदा येणारा कंप हा बहुधा तोलाचा दोष असतो: शाफ्ट वाकलेला, शिसं निखळलेलं, चिखल चिकटलेला. फेऱ्याला दोनदा येणारा कंप क्रॉसचा (शाफ्ट कोनात जोडणाऱ्या सांध्याचा), आणि त्यातही कोनाचा. शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवायची घाई आता नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कोन मोजण्याचा दिवस. आधी चूक लिहून टाकतो. चासीखाली घोड्या लावून गाडी उचलली आणि डिजिटल कोनमापक घेऊन खाली शिरलो. मागच्या शाफ्टचा उतार ११ अंश आला. अशा कोनात गाडी ८० पर्यंत पोचलीच नसती. एक्सल हवेत लोंबकळत होता, हे पाचव्या मिनिटाला ध्यानात आलं. कोन नेहमी चाकांवर भार असताना मोजायचे. घोड्या एक्सलच्या हौसिंगखाली सरकवल्या, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे दिले, गाडी दोन-चार वेळा दाबून पाटे जागेवर बसू दिले आणि पुन्हा सुरुवात केली.

जमीन थोडी उताराची असली तरी बिघडत नाही. आपल्याला उतार नको असतात, उतारांमधले फरक हवे असतात, आणि जमिनीचा उतार सगळ्यांत सारखाच मिसळलेला असतो.

मागे उतरत जाणारा उतार धन धरला तर, अंशांत (फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची चकती, पिनियन म्हणजे शाफ्टकडून जोर घेऊन क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चाक):

गिअरबॉक्सचा फ्लँज ३.०
पुढचा शाफ्ट ३.४
मागचा शाफ्ट ६.२
पिनियन १.१

पहिल्या क्रॉसला ०.४ अंश काम आहे, ते ठीक. शून्य असू नये, कारण क्रॉसच्या सुया (बेअरिंगमधले बारीक रूळ) थोड्या तरी फिरत राहाव्या लागतात, नाहीतर एकाच जागी बसून खड्डे पाडतात. मधल्या क्रॉसला २.८. पिनियनच्या क्रॉसला ५.१. इथे घोडं अडलंय.

एकट्या क्रॉसमधून गती जशीच्या तशी पुढे जात नाही. आत येणारा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी कोनात जोडलेला बाहेरचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पाठ्यपुस्तकात याला सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने हूक्स जॉइंट म्हणतात, गॅरेजमध्ये नुसता क्रॉस. यावर उपाय दुसरा क्रॉस: तेवढाच कोन आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारी दुबेळकी) एका रेषेत. पहिला जेवढं बिघडवतो तेवढं दुसरा निस्तरतो. कोन सारखे नसले की निस्तरण्यात फरक उरतो.

या गाडीत किती उरतो ते काढलं. ताशी ८० ला २.८ अंशाचा क्रॉस मिनिटाच्या २४३० फेऱ्यांत सुमारे ३ फेऱ्यांची खाली-वर करतो. ५.१ अंशाचा क्रॉस सुमारे १० ची. एक दुसऱ्यातून वजा केला तरी पिनियनला ७ फेऱ्यांचा झटका उरतो, वर आणि खाली, सेकंदाला ८१ वेळा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो झटका क्राऊन, एक्सल आणि दोन जड चाकांना द्यायचा असतो, आणि चाकं तो मानत नाहीत. मग तो सेंटर बेअरिंगच्या कंसातून फरशीत उतरतो.

इथे मला आवडलेली गोष्ट अशी की ५ तारखेचं एक निरीक्षण आपोआप सुटलं. जोर दिला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक (पुढचं टोक) वर उचललं जातं, पाय काढला की खाली येतं. आपलं नाक आधीच खाली आहे. म्हणून जोरावर थरथर किंचित कमी, न्यूट्रलमध्ये किंचित जास्त.

पिनियनचं नाक खाली कसं गेलं? टॉर्च घेऊन पाटे पाहिले. आधीच्या मालकाने भारासाठी एक जादा पाटा टाकलाय, तो बाकीच्यांपेक्षा कमी गंजलेला आहे. पाट्यांच्या आणि एक्सलच्या बैठकीच्या मध्ये दोन्ही बाजूंना लोखंडी पाचर आहे, सव्वा अंशाची, कंपनीचीच. तिची जाड बाजू पुढे आहे. पाटे एक्सलच्या वर आहेत, तेव्हा जाड बाजू पुढे आली की बैठकीची पुढची कड खाली दबते आणि पिनियन नाक खाली घालतो. जाड बाजू मागे असायला हवी. पाटा टाकताना कुणीतरी दोन्ही पाचरी काढल्या आणि उलट्या बसवल्या. सव्वा अंश इकडून तिकडे गेला की अडीच अंशांचा फरक.

खाली पडल्या पडल्या हसू आलं. क्लच, माउंटिंग, टायर, आणि दोषी कोण, तर तळहाताएवढी पाचर.

१९ जानेवारी, रविवार

पाचर फिरवण्याआधी शाफ्ट उतरवला, कारण इतके दिवस चुकीच्या कोनात फिरलेला क्रॉस धड असणं कठीण. उतरवताना प्रत्येक फ्लँजवर पंचने खुणा केल्या आणि सरकत्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी जोडावर) पांढऱ्या रंगाची सलग रेघ ओढली. स्प्लाइन एका दाताने जरी फिरली तरी योक रेषेतून जातात आणि मग कोन कितीही बरोबर केले तरी उपयोग नाही. योक रेषेत आहेत. एक दुखणं तरी वगळता आलं.

पिनियनचा क्रॉस हाताने फिरवला. मधोमध येताच तो अडतो, एखाद्या खाचेत बसल्यासारखा. ही खाच म्हणजे सुयांनी पाडलेल्या रेघा. वाटी काढली तर ग्रीसऐवजी तांबडी भुकटी. मधला क्रॉस जरा बरा, पण तोही बदलणार. पुढचा उत्तम आहे, त्याला हात लावणार नाही.

सेंटर बेअरिंग फिरतं छान, पण त्याभोवतीचं रबर खालच्या अर्ध्या भागात फाटलंय. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना जो गुडगुडता हादरा यायचा आणि मी क्लचचा समजत होतो, तो बहुधा याचाच. तोही भाग बदलीच्या यादीत.

२५ जानेवारी, शनिवार

क्रॉस बसवले. व्हाइसमध्ये धरून सॉकेटने वाट्या दाबत नेल्या. दुसऱ्या वाटीचं सर्क्लिप (वाटी जागेवर अडवणारं बारीक कडं) काही केल्या खाचेत उतरेना. दहा मिनिटं हातोड्याने समजूत घातली. मग शहाणपण सुचलं आणि वाटी पुन्हा काढली: एक सुई आडवी होऊन तळाशी पडली होती. सर्क्लिप बसत नसेल तर जोर वाढवायचा नसतो, ही गोष्ट दर वेळी नव्याने शिकतो. सुया ग्रीसने चिकटवून पुन्हा बसवली, या वेळी बोटाने दाबताच सर्क्लिप आत गेलं.

सगळं झाल्यावर योकच्या कानांवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके. त्याने वाट्या बाहेरच्या सर्क्लिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. घट्ट वाटणारा नवा क्रॉस बरेचदा फक्त अडकलेला असतो. निपलमधून ग्रीस भरलं, चारही सीलमधून बाहेर डोकावेपर्यंत. एका सीलमधून येईना, तेव्हा क्रॉस त्या बाजूला ढकलून धरला आणि आलं.

नवं सेंटर बेअरिंग प्रेस असलेल्या एका कारागिराकडून बसवून घेतलं.

२६ जानेवारी, रविवार

पाचरी फिरवल्या. एका बाजूचे यू-बोल्ट सोडले, एक्सल जॅकने आधारला, पाचर काढून उलटी ठेवली, पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं पाचरीच्या भोकातून बैठकीत नीट उतरलंय ना ते पाहिलं. तसं उतरलं नाही तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. मग दुसरी बाजू. यू-बोल्ट नवे घेतले. ताणले गेलेले जुने पुन्हा वापरत नाही. आवळताना कोपऱ्यातून कोपऱ्यात, तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा चाकांवर भार देऊन टॉर्क पान्याने.

पुन्हा कोन मोजले.

मागचा शाफ्ट ५.५
पिनियन ३.६

मी हिशेबात धरलं नव्हतं की पिनियनचं नाक वर आलं की शाफ्टचं मागचं टोकही त्याच्याबरोबर वर येणार. म्हणून शाफ्ट ६.२ वरून ५.५ झाला. फायद्याचंच झालं: मधला क्रॉस २.१, मागचा १.९. उरलेल्या झटक्याचा हिशेब कोनांच्या वर्गांच्या फरकावर चालतो. आधी तो फरक १८ होता, आता ०.८. वीसपटीहून कमी.

चाचणीला अंधार झाला.

१ फेब्रुवारी, शनिवार

८० ला मुंग्या गेल्या. ८१ हर्ट्झचा सुळका शोधावा लागतो. पहिल्या गिअरमधला गुडगुडाटही गेला.

आता तो बुटका, ४०.५ चा सुळका एकटा उभा दिसतो, आणि ८५ च्या पुढे पायाला जाणवतो. हा फेऱ्याला एकदा येणारा, म्हणजे तोलाचा. शाफ्टची नळी डायल गेजने पाहिली: मध्यावर ०.४ मिलिमीटर, मॅन्युअलची मर्यादा ०.८. वाकलेला नाही. फ्लँजचे बोल्ट काढून शाफ्ट पिनियनवर अर्धा फेरा फिरवून लावला. कधी कधी शाफ्टचा आणि फ्लँजचा जड भाग एकाच बाजूला आलेला असतो आणि एवढ्यानेच काम होतं. थोडं झालं, पूर्ण नाही.

मग होज क्लिपची युक्ती. नळीच्या मागच्या टोकाला एक क्लिप, तिचा स्क्रू घड्याळातल्या १२ च्या जागी, चाचणी. मग ३, ६, ९. सहाला सर्वांत शांत. दुसरी क्लिप लावून दोन्ही स्क्रू सहाच्या दोन बाजूंना थोडे थोडे लांब नेत गेलो, पाचव्या फेरीला सुळका बसला. दहा ग्रॅमचा स्क्रू म्हणजे काय, असं वाटेल. ३८ मिलिमीटर त्रिज्येवर, मिनिटाला २४३० फेऱ्यांना तो अडीच किलो वजनाएवढी ओढ देतो. ताशी ४० ला तीच ओढ पाव होते, म्हणून हळू चालवताना काही कळत नाही.

क्लिपा कायमच्या ठेवणार नाही. शाफ्ट पुढे कधी उतरला की रीतसर बॅलन्स करून घेईन.

८ फेब्रुवारी, शनिवार

आता ‘घूंऽऽ’. थरथर गेल्याने तो अधिकच ऐकू येतोय.

एका ओळखीच्या मिस्त्रींनी ऐकून तात्काळ क्राऊन-पिनियनचं निदान केलं. शक्य आहे. पण गिअरच्या दातांचा आवाज हा स्वच्छ सूर असतो. पिनियनला १० दात आहेत असं धरलं (४.१ हे गुणोत्तर ४१ आणि १० चंच असणार), तर ८० ला दात सेकंदाला ४०५ वेळा भिडतात आणि सूर तिथेच यायला हवा. फोनच्या माइकने नोंद घेतली. ४०५ ला एक किरकोळ रेघ आहे, ती कुठल्याही चालू डिफरन्शियलमध्ये असतेच. खरा आवाज खालच्या पट्टीत पसरलेला आहे, एक सूर नसलेला, पत्र्यावर वाळू सरकवल्यासारखा. शिवाय जोर दिला किंवा काढला तरी तो बदलत नाही, वळणावर बदलतो. दाताचा आवाज याच्या उलट वागतो.

डिफरन्शियलचं ऑइल काढून पाहिलं. चुंबकावर राखाडी लेप, बोटांवर मऊ लागणारा. कण नाहीत, चकाकणारे तुकडे नाहीत. झाकण लावलं, नवं ऑइल भरलं. क्राऊन-पिनियन उघडायचं नाही. एकदा उघडलं की त्याची बैठक, शिमा, दातांवरचा निळा ठसा, हे सगळं परत जमवावं लागतं, आणि जे जमलेलं आहे ते कशाला मोडा.

मागची दोन्ही चाकं उचलली आणि चाक हाताने फिरवताना दुसरा हात पाट्यावर ठेवला. कानाला काही ऐकू येत नाही, पण पाटा खरखर हाताला देतो. उजवीकडे गुळगुळीत. डावीकडे बारीक खडी दळल्यासारखी.

भावाला सांगितलं. तो अजूनही म्हणतो आवाज उजवीकडून येत होता. येत असेल. एक्सलची नळी आवाज कुठेही नेते, आणि बंद केबिनमध्ये कानांचा भरवसा धरता येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डाव्या बाजूचा एक्सल बाहेर काढला. ब्रेकच्या पाटीवरचे चार नट सोडून सरकत्या हातोड्याने तीन ठोके. बेअरिंग एक्सलवर दाबून बसवलेलं, त्याच्यामागे पकड कडं. कड्याला ड्रिलने अर्धवट भोक पाडून छिन्नी मारली आणि ते तडकलं. एक्सलला ओरखडा पडू न देणं हेच यातलं कौशल्य. हे कडं पुन्हा वापरायचं नसतं, चाक गाडीत टिकून राहतं ते त्याच्याच पकडीवर.

बेअरिंग धुतल्यावर आतल्या रिंगवर नखाएवढा पापुद्रा निघालेला दिसला, कडा धारदार. नवं बेअरिंग आणि नवं कडं प्रेसवर बसवून घेतलं, ऑइल सील बदललं, ड्रम आतून पुसला.

परत येताना ६० ला भावाने खिडकी वर केली आणि काही बोलला नाही.

२२ फेब्रुवारी

‘ठक्’ राहिलाय. नव्या क्रॉसमुळे बराच कमी झाला, पण पहिला आणि रिव्हर्स बदलताना अजून आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, मागची चाकं उटी लावून अडकवलेली, पिनियनचा फ्लँज हाताने पुढे-मागे: ५० मिलिमीटर त्रिज्येवर ४ मिलिमीटरचा खेळ, साडेचार अंशांच्या आसपास. यातला थोडा क्राऊन आणि पिनियनमधला, बाकीचा बहुधा आतल्या छोट्या गिअरांमागच्या झिजलेल्या वॉशरांचा. स्प्लाइनला ग्रीस भरलं, तेवढ्याने आवाजाची धार गेली. वॉशरांसाठी डिफरन्शियल उघडावं लागेल आणि ते मी करणार नाही, असं ८ तारखेला लिहून ठेवलंय.

मामा म्हणाले, दोन लाख किमी झालेल्या गाडीला एवढा खोकला माफ आहे.

१ मार्च, शनिवार

५४० किमी झाले. यू-बोल्ट तपासले: डावीकडचे दोन पाव फेरा फिरले, उजवीकडचे जागेवर. क्रॉसमध्ये ढिलाई नाही, सीलबाहेर तांबडं काही नाही. डावा ड्रम कोरडा. कोन पुन्हा मोजले, मागचा शाफ्ट ५.४, पिनियन ३.५. पाटे बसले असावेत.

होज क्लिपांचे स्क्रू हलू नयेत म्हणून त्यांच्यावर रंगाचा ठिपका लावला. फ्लँजवरच्या पंचच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. पाचरीवर, जाड बाजूला, छिन्नीने ‘मागे’ असं कोरलं.